रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही

रमजानचा चौथा रोजा होता. दस्तरखानावर नेहमीचीच मांडामांड होती. खजूर, कलिंगडाच्या फोडी, उकडून फोडणी दिलेले चणे, कांदाभजी आणि दुधातले गुलाबी शरबत. अजान झाली, सगळ्यांनी बिस्मिल्ला करून खजूर तोंडात टाकली. आमच्या धाकट्या भावाने मात्र दोन घोट पाणी पिऊन हात आखडता घेतला. अम्मी म्हणाल्या, "खा रे बेटा, दिनभर का भूका है." तो उठला आणि मागच्या अंगणातल्या संडासाकडे गेला. अर्ध्या तासाने परतला तेव्हा भजी गार झाली होती आणि घरातले पुरुष मगरिबची नमाज पढून आले होते.

त्या रात्री भांडी घासताना तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आपा, मेरेकू कॅन्सर तो नहीं ना?"

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. पोटाचे दुखणे हा आपल्या घरांत हसण्याचा किंवा लपवण्याचा विषय असतो. ज्याला गॅस होतो त्याची चेष्टा होते, ज्याला वरचेवर जावे लागते त्याला टोपणनाव पडते. गेल्या दोन-अडीच वर्षांत आम्ही जे पाहिले, विचारले आणि वाचले ते इथे मांडतो आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला यातले थोडेफार उपयोगी पडावे.

भावाचे दुखणे एका लग्नापासून सुरू झाले. वलिम्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी निम्म्यांना उलट्या-जुलाब लागले. चार दिवसांत सगळे बरे झाले, याचे पोट मात्र बरे झाले नाही. कधी दिवसातून सहा वेळा जावे लागायचे, कधी दोन दिवस काहीच नाही. कळ यायची, जाऊन आले की कमी व्हायची आणि तासाभराने पुन्हा यायची. शिरवळच्या एमआयडीसीत तो पाळ्यांमध्ये काम करतो. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा रात्रीची. सकाळच्या पाळीला कंपनीची बस सातच्या आत चौकात येते, म्हणून हा साडेचारला उठून बसायचा, पोट 'रिकामे' व्हावे म्हणून. पुण्याला जायचे असेल तर आदल्या रात्रीपासून जेवण बंद. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग दिसली की त्याच्या कपाळावर घाम यायचा. एसटीत तो कायम दाराजवळची जागा धरायचा. मशिदीतही तसेच झाले. वजू टिकत नाही या भीतीने तो पहिल्या सफेतून शेवटच्या सफेत आला, मग दरवाजाजवळ आणि मग घरीच पढू लागला. याची बोच त्याला कळांपेक्षा जास्त होती, हे आम्हाला फार उशिरा समजले.

दरम्यान डॉक्टर चालू होते. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, मग आवेची दिली, मग आम्लपित्ताची. साताऱ्याला सोनोग्राफी झाली. पुण्यात रक्त, शौच आणि थायरॉईड तपासले, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही ना यासाठी वेगळी रक्ततपासणी झाली आणि शेवटी दुर्बिणीतून मोठे आतडेही पाहिले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. खरे तर हे ऐकून शुक्राना अदा करायला हवा होता. पण घरात त्याचा अर्थ वेगळाच निघाला. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे याला काही नाही. कोणी म्हणाले कामचुकारपणा आहे, कोणी म्हणाले नजर लागली आहे. आम्हीही एकदा रागाच्या भरात "डोक्यातून काढून टाक" असे म्हणालो होतो. ते वाक्य परत घेता येत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर तीन अक्षरे लिहिली होती, आयबीएस. म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. मराठीत त्याला चिडखोर आतडे म्हणता येईल. भारतात झालेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण शंभरातल्या चार माणसांना हा त्रास असल्याचे आढळले होते. म्हणजे शुक्रवारी जुम्याला दोनशे माणसे जमत असतील, तर त्यातली आठ-दहा माणसे मनातल्या मनात संडासाचा रस्ता मोजत असतील.

या आजारात आतड्याला जखम, सूज किंवा गाठ नसते. म्हणूनच दुर्बिणीत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या चालीत आणि आतडे व मेंदू यांच्यातल्या निरोपांत. आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे आहे. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन, म्हणजे आपण मेंदूशी जोडतो ते रसायन, आतड्यातच तयार होते. आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत दिसले की, इतरांना जेवढा दाब जाणवतही नाही तेवढ्याने यांना कळ येते. म्हणजे दुखणे खोटे नाही. दाराची घंटा हलक्या हातानेही कर्कश वाजावी, तसे हे आहे. जोरदार जुलाबाच्या साथीनंतर काही जणांत हा त्रास मागे राहतो हेही आता चांगले माहीत झाले आहे. आमच्या भावाचे लग्नाचे जेवण असे दोन वर्षे चालले.

डॉक्टर निदान करतात ते मुख्यतः हकिकत ऐकून. २०१६ मध्ये ठरलेल्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी. शिवाय ती शौचाशी जोडलेली असणे, शौचाच्या वेळा बदलणे आणि शौचाचे स्वरूप बदलणे या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. कोणाला जुलाबाचा प्रकार असतो, कोणाला बद्धकोष्ठाचा, कोणाला दोन्ही आलटून पालटून.

आता इथे थोडे थांबून आमच्या मामूंची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती सांगितल्याशिवाय सुयांबद्दल एक अक्षर लिहायची आमची हिंमत नाही.

मामू अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांनाही पोटाचा त्रास होता, शौचातून अधूनमधून रक्त जायचे. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. त्यांना एका गावात सुया टोचणारा एक इसम भेटला. त्याच्या भिंतीवर शरीराचे चित्र होते आणि हाताखाली दोन मुले होती. त्याने नाडी पाहिली आणि "आतड्यात गर्मी आहे, बारा बैठका घ्या" म्हणाला. बारा झाल्या, मग आणखी बारा. चार महिन्यांत मामूंचे वजन नऊ किलोने उतरले, तरी तो म्हणत राहिला की विष बाहेर पडते आहे. शेवटी ते घरात चक्कर येऊन पडले तेव्हा मुलाने त्यांना पुण्याला नेले. मोठ्या आतड्यात गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. अलहम्दुलिल्लाह, मामू आज आपल्यात आहेत, पण त्यांच्या पोटाला पिशवी आहे. ते ईदगाहला येत नाहीत. डॉक्टर त्यांच्या मुलाला एवढेच म्हणाले, "चार महिने आधी आणायला हवे होते."

म्हणून आधी हे पाठ करून ठेवा. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, ताप, रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर. यातले एकही असेल तर त्याला आयबीएस म्हणून सोडून देऊ नये. सुई नाही, हिजामा नाही, काढा नाही. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जावे.

आमच्या भावाला यातले काही नव्हते आणि तपासण्या झालेल्या होत्या. इसबगोल, कळ थांबवणाऱ्या गोळ्या आणि जेवणातले पथ्य याने त्याला थोडा आराम पडला होता. तेव्हा आमच्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेने अ‍ॅक्युपंक्चर सुचवले. मामूंचे नुकतेच झाले होते, त्यामुळे घरात वादळ उठले. अम्मींनी तर साफ मनाई केली. शेवटी भावाने त्याच पुण्याच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "नोंदणी असलेल्या माणसाकडे जा, नवी सुई वापरतात का बघा आणि माझी औषधे बंद करू नका." आम्हाला हे उत्तर आवडले. त्यात होकाराचा उत्साह नव्हता आणि नकाराचा तोराही नव्हता.

ही विद्या चीनची, पण तिचा आपल्या महाराष्ट्राशी एक धागा आहे, तोही अर्धा खरा आणि अर्धा गैरसमजाचा. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. त्यामुळे पुष्कळांना वाटते की सुया कोटणीसांनी आणल्या. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बिजय कुमार बसू यांनी. ते १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन ती शिकून आले.

पश्चिमेकडे या विद्येचा गाजावाजा झाला तोही पोटाच्याच दुखण्यातून. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने, भुलीचे औषध देऊन झाली. पण नंतर पोट फुगून दुखू लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि औषधी वनस्पतीचा शेक दिला. तासाभरात पोट हलके झाले, असे त्यांनी लिहिले. गुडघ्याखालची ती जागा पोटाच्या रुग्णांसाठी आजही सर्वांत जास्त वापरली जाते. चिनी भाषेत तिला झुसान्ली म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला.

पायाला टोचून पोट कसे शांत होईल, हा प्रश्न अम्मींनीही विचारला. चिनी परंपरेचे उत्तर असे की शरीरात 'ची' नावाची ऊर्जा ठरावीक वाटांनी फिरते आणि सुई तिचा अडथळा काढते. आम्हाला हे उत्तर पटत नाही. अशी वाट शरीर उघडून कोणाला सापडलेली नाही. आजच्या संशोधकांचे उत्तर मज्जातंतूंचे आहे. २०२१ मध्ये नेचर या नियतकालिकात उंदरांवरचे एक काम आले. उंदराच्या मागच्या पायात त्या जागी विजेचा सौम्य झटका दिला की विशिष्ट चेतापेशींमार्फत निरोप मेंदूपर्यंत जातो, तिथून व्हेगस या मोठ्या मज्जातंतूने खाली येतो आणि शरीरातली सूज कमी होते. पोटावर तोच झटका दिला तर तसे होत नाही. हे उंदरांचे आहे आणि सुजेचे आहे, आयबीएसचे नव्हे. पण पायाचा आणि आतड्यांचा संबंध अगदीच कपोलकल्पित नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

भाऊ दहा आठवडे दर रविवारी गेला. पहिल्या खेपेला आम्हीही सोबत होतो. डॉक्टर बाई होत्या, भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले होते. त्यांनी जवळजवळ पाऊण तास नुसते विचारले. काय खातोस, किती वाजता झोपतोस, पाळी बदलते तेव्हा काय होते, भीती कशाची वाटते. दोन वर्षांत त्याला एवढे कोणी विचारले नव्हते, आम्हीसुद्धा नाही. मग त्याला उताणे झोपवून पायांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा सुया लावल्या. सुया केसाएवढ्या बारीक, पाकीट आमच्यासमोर फोडले. टोचताना डास चावल्यासारखे होते, मग त्या जागी जडपणा येतो किंवा मुंग्या येतात. पंचवीस मिनिटे तसेच पडून राहायचे. भाऊ दुसऱ्या बैठकीपासून चक्क घोरू लागला.

चौथ्या आठवड्यात कळा कमी झाल्या. आठव्या आठवड्यात तो एसटीत मधल्या जागेवर बसून आला. सहाच्या जागी दोन-तीन वेळा जाणे उरले. पूर्ण बरा झाला का? नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात त्रास अजून डोके वर काढतो. इसबगोल चालूच आहे.

मग हे सुयांनी झाले का? इथे आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहायचे ठरवले आहे. आम्ही जे वाचले त्यातल्या तीन अभ्यासांनी आमच्या मनात घर केले.

पहिला अभ्यास इंग्लंडमधल्या यॉर्कचा, २०१२ चा. आयबीएसच्या २३३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार आणि सोबत आठवड्याला एक अशा दहा बैठका, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४९ टक्के लोकांना लक्षणीय आराम होता, दुसऱ्या गटातल्या ३१ टक्के लोकांना. म्हणजे साधारण सहा जणांनी सुया घेतल्या तर त्यांतल्या एकाला सुयांचा जादा फायदा झाला. हा फरक वर्षभर बऱ्यापैकी टिकला.

दुसरा त्याच वर्षीचा कॉक्रेन आढावा, ज्यात १७ चाचण्या आणि १८०६ रुग्ण होते. त्यात कळ थांबवणाऱ्या दोन औषधांशी तुलना केली तेव्हा सुया पुढे निघाल्या. १०० पैकी ८४ जणांना बरे वाटले, औषधांनी ६३ जणांना. पण त्या चाचण्यांत रुग्णाला माहीत होते की आपल्याला काय मिळते आहे. ज्या चाचण्यांत काही रुग्णांना खोट्या सुया लावल्या, म्हणजे न टोचणाऱ्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या, तिथे खऱ्या आणि खोट्या सुयांत फरक दिसला नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात आयबीएससाठी अ‍ॅक्युपंक्चरला उत्तेजन देऊ नये, असेच म्हटले आहे.

तिसरा अभ्यास आम्हाला सर्वांत बोलका वाटला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या टेड कॅपचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६२ रुग्ण घेतले. एका गटाला नुसते प्रतीक्षा यादीत ठेवले. दुसऱ्याला खोट्या सुया लावल्या, नाटकातल्या कट्यारीसारख्या, ज्या दाबल्या की आत सरकतात. लावणारा फारसे बोलत नव्हता, पाच मिनिटांत काम आटोपायचा. तिसऱ्या गटाला त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास आस्थेने विचारपूस. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातल्या २८ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला, दुसऱ्यातल्या ४४ टक्के लोकांना आणि तिसऱ्यातल्या ६२ टक्के लोकांना.

सुई एकही टोचली नव्हती!

आम्ही हे भावाला वाचून दाखवले. वाटले, त्याला वाईट वाटेल. तो हसला आणि म्हणाला, "सुई से हुआ या बात करने से हुआ, बस में तो बैठा ना मैं?" आमच्यातल्या शिक्षकाला मात्र हे उत्तर पुरत नाही. खोट्या आणि खऱ्या सुईत फरक नसेल तर पैसे सुईचे कशाला द्यायचे? पण घरातल्या माणसाला ते पुरते, कारण आयबीएस हा मुळातच मेंदू आणि आतड्याच्या बोलाचालीतला बिघाड आहे. भीती उतरली तर आतडेही उतरते. आमचा कौल असा की, तपासण्या झालेल्या असतील, डॉक्टरांना सांगितलेले असेल आणि खिशाला परवडत असेल तर आठ-दहा बैठका घेऊन पाहण्यात गैर नाही. तेवढ्यात फरक नाही पडला तर थांबावे. कर्ज काढून मुळीच करू नये. 'मुळासकट बरे करतो' अशी हमी जो देतो त्याच्या दारातूनच परत फिरावे.

नोंदणीबद्दल दोन शब्द. अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पुढे आहे. २०१५ च्या या कायद्याखाली परिषद आहे आणि उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा प्रमाणपत्र बघायला मागण्यात संकोच नको. सुई सीलबंद पाकिटातली, एकदाच वापरायची असावी. जुन्या सुयांतून कावीळ ब सारखे आजार पसरू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल तर आधीच सांगावे. अगदी उपाशीपोटी जाऊ नये, काहींना घेरी येते.

यावरून रमजानचा प्रश्न निघतो. सुईने पोटात काही जात नाही, त्यामुळे रोजा तुटत नाही असे आमच्या इमामसाहेबांनी सांगितले. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण उपाशीपोटीची घेरी लक्षात घेऊन भावाने बैठका ईदनंतरच सुरू केल्या. भगिनींनी हेही लक्षात ठेवावे की जागा बहुधा गुडघ्याखाली, मनगटावर आणि पोटावर असतात. बाई डॉक्टर मागाव्यात, सोबत घरचे माणूस ठेवावे. आणि हिजामा म्हणजे हे नव्हे. आपल्याकडे दोन्ही एकच समजले जाते. हिजामात पेला लावून रक्त काढतात, यात रक्त काढत नाहीत.

वजूचा प्रश्न भावाने स्वतःच एकदा धीर करून इमामसाहेबांना विचारला. त्यांनी सांगितले की नुसत्या शंकेने वजू तुटत नाही, खात्री झाली तरच तुटतो, आणि ज्याचा त्रास थांबतच नाही त्याच्यासाठी शरीयतमध्ये सवलतीचा मसला आहे. बोलणे जेमतेम दहा मिनिटांचे झाले. त्या दहा मिनिटांचा असर किती आणि दहा बैठकांचा किती, हे कोणत्या अभ्यासात मोजायचे?

आता पुन्हा दस्तरखानाकडे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने ज्या पदार्थांनी आतड्यात वायू आणि पाणी वाढते त्यांची यादी केली आहे. ती वाचताना आम्ही कपाळाला हात लावला. कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा, दूध, कलिंगड, आंबा आणि जास्त खाल्ली तर खजूर. जणू कोणी आमच्या इफ्तारच्या ताटाकडे बघूनच यादी लिहिली असावी. बिर्याणीवरचा तळलेला कांदा आणि दालचा तर विचारूच नका. हे पदार्थ वाईट नाहीत, निरोगी पोटाला उलट चांगले आहेत. पण चिडखोर आतड्याच्या माणसाने चार ते सहा आठवडे ते टाळावेत आणि मग एकेक करून परत आणून पाहावे की आपला वैरी नेमका कोण. जन्मभर सगळेच सोडू नये. आमच्या भावाचे वैरी निघाले कांदा आणि दूध. चण्याने त्याला काही होत नाही. आता त्याचे इफ्तार एक खजूर, पाणी, तांदळाची पातळ कंजी आणि मग नमाजनंतर भात किंवा ज्वारीची भाकरी. अम्मी त्याच्यासाठी सालन वेगळे काढतात, कांदा न घालता, आलं-टोमॅटोवर. सुरुवातीला त्यांना हा त्या सालनाचा अपमान वाटायचा.

शेवटी शाळेतली एक गोष्ट सांगतो. नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. दर तिसऱ्या तासाला हात वर करायची. आम्ही कधी "थांब थोडे" म्हणायचो, कधी सगळ्यांसमोर "परत?" असे विचारायचो, आणि मुले हसायची. भावाबरोबर त्या डॉक्टर बाईंसमोर बसलो होतो तेव्हा आम्हाला अचानक तिची आठवण झाली. सोमवारी तिला बाजूला घेऊन विचारले. तिने सकाळी डबा खाणेच सोडले होते आणि पाणी पिणेही. तिच्या आईला बोलावून घेतले, दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तपासण्या अजून चालू आहेत, त्यामुळे तिला काय आहे हे आम्ही इथे लिहिणार नाही. वर्गात मात्र आता कोणी हात वर करत नाही. ज्याला जायचे तो उठून जातो. पहिल्या आठवड्यात दहा-बारा मुलांनी याचा मनसोक्त फायदा घेतला, मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलेही. दुसऱ्या आठवड्यापासून ज्यांना खरोखर जायचे असते तेवढेच उठतात. ती मुलगी दाराजवळच्या बाकावरून मधल्या बाकावर येऊन बसली आहे.